पितळ उघडं पडतं तेव्हा: ऑर्केस्ट्रातले ब्रासवाले आणि जुनी रेकॉर्डिंग्ज

खालचा_सा

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज पाऊस आहे, सुट्टी आहे, बायको माहेरी आहे, तेव्हा धागा काढूनच टाकतो. आधीच सांगतो, मी स्वतः काहीही वाजवत नाही. शाळेच्या बँडमध्ये हातात बिगुल दिला होता, आठवड्याभरात काढून घेतला.

इथे वेस्टर्न क्लासिकलवर पूर्वीही धागे निघालेत पण गाडी कायम व्हायोलिन नाहीतर पियानोवर जाते. मागच्या रांगेत पितळ घेऊन बसलेल्या लोकांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा. माझंही तसंच होतं. ब्रास म्हणजे वरात हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं की ट्रम्पेट ऐकला की मला आपोआप घोड्यावरचा नवरदेव दिसायचा.

ते मोडलं एका सीडीने. मुसोर्ग्स्कीचं ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’, मूळ पियानोसाठी लिहिलेलं, १९२२ साली रावेलने ऑर्केस्ट्रासाठी बांधलं ते. शिकागो सिंफनी, कंडक्टर फ्रिट्झ रायनर, डिसेंबर १९५७, तिथल्याच ऑर्केस्ट्रा हॉलमधलं रेकॉर्डिंग. सुरुवातच ट्रम्पेटची. एकट्याची. म्हणजे बघा, शंभर माणसं वाद्यं मांडीवर धरून गप्प बसलीयत आणि त्यातला एक जण काहीही साथ नसताना, मागे तंबोरा नाही की ठेका नाही, सरळ चालायला लागतो. चालायलाच, कारण हा ‘प्रोमेनाड’ म्हणजे चित्रांच्या प्रदर्शनात फिरणारा माणूस. पितळ उघडं पडणं म्हणजे काय ते इथे कळतं. जरा ओठ हलला तर लपायला जागा नाही.

आणि तो माणूस जोरात वाजवतच नाही हो! मला वाटलं होतं आता कानठळ्या बसणार. त्याऐवजी एक ऐसपैस, स्वच्छ, हात मागे बांधून निघाल्यासारखी चाल. प्रत्येक स्वर जिथे सुरू व्हायला हवा तिथेच सुरू होतो, आधी फुसफुस नाही, मागून सरकून येणं नाही. मग तेच वाक्य बाकीचे ब्रासवाले मिळून म्हणतात आणि एकदम खोली मोठी झाल्यासारखं वाटतं.

पुढे ‘सॅम्युएल गोल्डेनबर्ग आणि श्मुयले’ नावाचा तुकडा आहे, एक श्रीमंत एक गरीब. श्रीमंत माणूस तंतुवाद्यांच्या जड आवाजात बोलतो आणि गरीब श्मुयले म्हणजे म्यूट (कर्ण्यात घालून आवाज दाबायचं बूच) लावलेला ट्रम्पेट, थंडीत दात वाजावेत तसा तोच तोच स्वर तडतडत गयावया करतो. ते ऐकून मी सीडीचं कव्हर उलटसुलट करून पाहिलं, वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. रायनरचं नाव ठळक अक्षरात. ट्रम्पेटवाला अनामिक.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, ॲडॉल्फ ‘बड’ हरसेथ. १९४८ ते २००१ शिकागोचा पहिला ट्रम्पेट. त्रेपन्न वर्षं एका खुर्चीवर!

तर तुमच्याकडे कुठली रेकॉर्डिंग्ज आहेत, ब्रासमध्ये तुम्ही काय ऐकता, लिहा. फक्त “काय जोरात वाजवलंय” हे दादीचं वाक्य बाद. माझं म्हणणंच असं आहे की या लोकांची खरी करामत हळू वाजवण्यात आहे.

ढोलपथक_निवृत्त

वाचनखूण साठवली. पण जोरात वाजवण्याला एवढं का हिणवता? आम्ही दहा वर्षं लक्ष्मी रोडवर तेच केलं.

खालचा_सा

म्हणूनच तुमचं उत्तर दोनदा हाक मारल्याशिवाय येत नाही 😀

रेकॉर्डवाला_आण्णा

छान धागा. रायनरचा विषय काढलाच आहेस तर त्याच्या आधीचं ऐक, रिचर्ड स्ट्राउसचं ‘आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा’, मार्च १९५४. रायनर शिकागोत येऊन जेमतेम एक सीझन होत होता आणि स्टीरिओ अजून प्रयोगाच्या अवस्थेत होतं, स्टीरिओच्या तबकड्या बाजारात यायला चार वर्षं होती. आरसीए या रेकॉर्ड कंपनीने टेपवर करून ठेवलं म्हणून आज ऐकायला मिळतंय. टेपची सरसर आहे थोडी, असू दे.

सुरुवातीचे ट्रम्पेटचे तीन स्वर सगळ्या जगाला पाठ आहेत. त्यात कौतुक काय असं वाटेल. पण बराच पुढे गेल्यावर, एक मोठा स्फोट होऊन सगळं शांत होतं आणि संगीत परत हळूहळू उठायला लागतं, तिथे ट्रम्पेटला एका सा वरून थेट वरच्या सा वर झटक्यात उडी आहे. मध्ये पायरी नाही. जगभरचे ट्रम्पेटवाले त्या एका उडीसाठी रात्रीची झोप घालवतात. हरसेथ ती अशी मारतो की आपण शेजारी बसून चहा पीत असलो तर चहा हिंदकळणार नाही. मोठ्या आवाजात नाही, सहज.

तंबोरा_जुळवतोय

आण्णा, त्या पहिल्या तीन स्वरांबद्दल. सा, प, वरचा सा. आपण तंबोरा जुळवतो तेच की. स्ट्राउसने त्याला निसर्गाचं सूत्र केलं ते उगाच नाही, कारण कुठलीही लांब नळी फुंकली की निसर्गतः हेच निघतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं पाल्हाळ लावतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा. ब्रासमध्ये रीड वगैरे काही नसतं, ओठच थरथरतात. नळी जेवढी लांब असेल त्यानुसार ठराविक स्वरांवरच आवाज ‘बसतो’. खालून सा, मग वरचा सा, मग प, सा, ग, प, मग जरा उतरलेला कोमल नी, परत सा, आणि तिथून वर रे, ग असे स्वर जवळजवळ यायला लागतात. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार यातलाच. थोडक्यात ही एक शिडी आहे, खाली पायऱ्या लांब लांब आणि वर गेलं की चिकटून. वॉल्व काय करतात, तर नळीची लांबी बदलून एका शिडीवरून दुसऱ्या शिडीवर नेतात, बस.

आता गंमत. ट्रम्पेटची नळी उलगडली तर साडेचार फुटांच्या आसपास. फ्रेंच हॉर्नची एफमधली नळी बारा फूट! म्हणजे हॉर्नवाला कायम शिडीच्या वरच्या टोकाला, जिथे पायऱ्या चिकटलेल्या, तिथे अंधारात पाय टाकत असतो. एक पायरी इकडची तिकडे झाली की सगळ्या हॉलला ऐकू जाणारं ‘फर्र’. हॉर्नवाल्यांचे केस लवकर पांढरे होतात ते काही वयाने नाही.

चष्मिश

तंबोरा, आजवर मी हे दहा ठिकाणी इंग्रजीत वाचलं होतं, शिडीमुळे आज कळलं. मग व्हिएन्नावाले तर वेडेच म्हणायचे. बाकी जगाने डबल हॉर्न घेतला, म्हणजे अंगठ्याने एक वॉल्व दाबला की बारा फुटांची नळी नऊ फुटांची होते आणि वरचे स्वर जरा सोपे जातात. व्हिएन्ना फिलहार्मोनिक मात्र अजून जुन्या चालीच्या सिंगल एफ हॉर्नला धरून आहे, पंपासारखे खालीवर होणारे वॉल्व असलेला. का, तर आवाज. स्वरावरून स्वरावर जाताना मध्ये खटका येत नाही, मधासारखा ओघळतो.

ते ऐकायचं तर कंडक्टर सोल्टीने डेक्का कंपनीसाठी केलेलं वाग्नरचं ‘रिंग’, म्हणजे चार ऑपेरांची मालिका. १९५८ ते १९६५, व्हिएन्नाच्या सोफियनझालमध्ये, प्रोड्यूसर जॉन कल्शॉ. त्यातलं १९६२ चं ‘सीगफ्रीड’ घ्या, दुसरा अंक. सीगफ्रीड जंगलात बसलाय, पाखराशी बोलायचं म्हणून वेताची पिपाणी करून फुंकतो, ती वाजतच नाही (इथे इंग्लिश हॉर्नवाल्याला, म्हणजे नावातच हॉर्न असलेलं लाकडी वाद्य वाजवणाऱ्याला, मुद्दाम भसाडं वाजवायचं असतं, बिचारा आयुष्यभर रियाज करून हे), मग वैतागून तो स्वतःचं शिंग काढतो आणि तिथून पुढे सगळा ऑर्केस्ट्रा गप्प आणि एकटा हॉर्न. रोलँड बर्गर. आधी निवांत, मग जरा रंगात येऊन, मग धावत, आणि शेवटी वरच्या टोकाला जाऊन थांबतो. त्या आवाजाने गुहेतला राक्षस जागा होतो अशी गोष्ट आहे. मी असतो तर मीही उठलो असतो.

तो हॉल २००१ मध्ये आगीत जळाला. नंतर बांधला परत, पण तो काही तो नव्हे.

नाक_खुपसणारा

सगळं मान्य पण एक शंका. हे स्टुडिओतलं आहे ना? टेप कापून जोडता येते. कल्शॉ तर याबाबतीत उघडपणे सांगायचा की रेकॉर्ड ही वेगळी कला आहे, मैफलीची नक्कल नाही. मग “एक स्वर चुकला नाही” याचं एवढं काय? दहा वेळा वाजवला असेल, अकरावा ठेवला असेल. माझ्या मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओही मी तसाच एडिट केला, त्यात तो कुठेच अडखळत नाही.

रेकॉर्डवाला_आण्णा

नाक, प्रश्न रास्त आहे. पण टेप कापून चुकलेला स्वर काढता येतो, आवाज कुठून आणणार? स्वराचा पोत, तो सुरू कसा होतो, संपताना कसा विरतो, दोन स्वरांच्या मध्ये काय होतं, हे ब्लेडने होत नाही. हळू वाजवताना हवा कमी, ओठ थरथरायला नाखूष, आणि तरी स्वर गोल लागला पाहिजे. ते एकतर येतं किंवा येत नाही.

विंडी_सिटी_काकू

नाकोबा, टेपचं सोड, मी कानाने ऐकलंय. आम्ही नव्वदच्या दशकात शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. मुलगी हायस्कूलच्या बँडमध्ये हॉर्न वाजवायची, तिच्या मास्तरांनी सांगितलं की हिला डाउनटाउनला घेऊन जा आणि सगळ्यात वरच्या गॅलरीत बसवा, तिकीट स्वस्त आणि आवाज तिथे जास्त छान पोचतो. गेलो. ब्रुकनर या संगीतकाराचं काहीतरी होतं. मला ब्रुकनर म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं, मी पर्समध्ये चकल्या घेऊन गेले होते.

वरून बघितलं तर ट्रम्पेटच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर एक सत्तरीचे आजोबा. मी मनात म्हटलं, यांना कशाला बसवलंय, घरी जाऊ द्या. मग त्यांनी वाजवलं. चेहरा लालबुंद व्हायचा, अगदी टोमॅटो, पण आवाजात त्या ताणाचा मागमूस नाही. माझी मुलगी माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतली. तेच हरसेथ. चकल्या तशाच परत आल्या.

त्यांच्याबद्दल इथले लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे १९४८ मध्ये रोझिन्स्की नावाच्या कंडक्टरने शिकागोच्या जागेसाठी वाजवून दाखवायला न्यूयॉर्कला बोलावलं तेव्हा यांना वाटलं की तिसऱ्या ट्रम्पेटची जागा आहे, वाजवून झाल्यावर कळलं पहिल्याची आहे. आणि दुसरी म्हणजे १९५२ मध्ये गाडीचा अपघात झाला, ओठ फाटला, दात गेले. ट्रम्पेटवाल्याचे! तरी परत येऊन तीच खुर्ची. आपण ज्या रायनरच्या रेकॉर्डिंग्जबद्दल बोलतोय त्या सगळ्या अपघाताच्या नंतरच्या आहेत, हे जरा लक्षात घेऊन ऐका.

मडगांवचो

काकू, अपघाताचं वाचून काटा आला. आमच्याकडे गोव्यात वाजवणारे ‘लिप’ म्हणतात, “ताची लिप गेली” म्हटलं की विषय संपला, त्या माणसाचं वाजवणं संपलं. माझे मोठे काका मुंबईत स्टुडिओत ट्रम्पेट वाजवायचे, त्या काळात हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात ब्रास म्हणजे बहुतेक सगळे आमचेच गोंयकार, चर्चच्या शाळेत मास्तरांच्या छडीखाली सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकून नोटेशन वाचता यायचं म्हणून. काकांना वरच्या दातांचा ब्रिज बसवायचा होता, तर सहा महिने डॉक्टरकडे गेलेच नाहीत. दुखणं सोसलं. माउथपीसचा दाब ओठांवर कुठे पडतो ते एक मिलिमीटर बदललं तर सगळं नव्याने शिकायचं, ते म्हणायचे.

मी स्वतः फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) बँडमध्ये युफोनियम, म्हणजे छोट्या ट्युबासारखं वाद्य, वाजवतो, म्हणजे आपली उडी तेवढीच. पण त्यामुळे मला सगळ्यात जास्त आवडतं ते आर्नल्ड जेकब्सचं वाजवणं. शिकागोचा ट्युबा, १९४४ ते १९८८. त्याच्याकडे एक अवाढव्य ट्युबा होता, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीचा, मुळात फिलाडेल्फियाच्या ट्युबावाल्यासाठी बनवलेला, त्याच्या अंगाला तो बसेना म्हणून विद्यार्थी असताना जेकब्सने १७५ डॉलरला घेतला, तेही हप्त्याने. पुढे जगातल्या कितीतरी ट्युबा कंपन्यांनी त्याच वाद्याची नक्कल करायचा प्रयत्न केला.

आणि गंमत म्हणजे या माणसाला दमा होता, फुप्फुसात हवा इतरांपेक्षा कमी. तोच जगाला श्वास शिकवायला बसला. त्याची शिकवण दोन शब्दांत, ‘सॉंग अँड विंड’. पोटाचा स्नायू, डायफ्रॅम, जिभेचा कोन असली चिंता करू नकोस, डोक्यात सूर गा आणि हवा सोड.

तंबोरा_जुळवतोय

माझे गुरुजी हेच सांगायचे, “गळ्याने गाऊ नको रे, कानाने गा.”

ढोलपथक_निवृत्त

आलं. आता पुढच्या दोन प्रतिसादांत ‘घराणं’ शब्द येणार, लावा पैज.

चष्मिश

मी लिहीतच होतो 😂 पण खरंच आहे ना! व्हिएन्ना हे एक घराणं, शिकागो एक, आणि लेनिनग्राड एक. लेनिनग्राडचा कंडक्टर म्राविन्स्की, त्याने १९६० मध्ये युरोपात आल्यावर डॉइच ग्रामोफोनसाठी चायकोव्स्कीची चौथी, पाचवी, सहावी सिंफनी केली ना, त्यातली पाचवी लावा, व्हिएन्नाच्या मुझिकफेराइनमध्ये रेकॉर्ड झालेली. दुसऱ्या भागात खालच्या तंतुवाद्यांवर हॉर्नचा लांबच लांब सोलो आहे. तेव्हा तिथे पहिला हॉर्न होता विताली बुयानोव्स्की. आणि तो आवाज कंपवतो! व्हायब्रेटो! व्हिएन्नाच्या हॉलमध्ये व्हिएन्नाचा हॉर्नवाला असं करणार नाही, शिकागोचा तर मुळीच नाही.

नाक_खुपसणारा

ऐकलं. सॉरी पण मला तो हॉर्न वाटलाच नाही, सॅक्सोफोन वाटला. गहिवरलेल्या माणसाने भाषण केल्यासारखं. हॉर्नने स्थिर राहावं. जंगल, डोंगर, लांबून येणारा आवाज वगैरे.

चष्मिश

अरे पण सोलो कसला आहे ते तर बघ. डोंगरबिंगर नाही, प्रेमात पडलेला माणूस बोलतोय. तिथे स्थिर राहून कसं चालेल? आणि तो कंप सरसकट नाही, लांब स्वर आधी सरळ लागतो आणि मग त्यात हळूच पाणी हलतं. पहिल्या दोन ओळी परत ऐक, हेडफोन लावून, मोबाईलच्या स्पीकरवर नको.

नाक_खुपसणारा

...बरं. दुसऱ्यांदा ऐकलं. ‘गहिवरलेला माणूस’ मागे घेतो. पण शेवटच्या भागात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन जे करतात ते मात्र धडकी भरवणारं आहे, सुरी फिरवल्यासारखं. खालचा_सा ऊर्फ खासा, तुझ्या ‘हळू वाजवण्या’च्या सिद्धांताचं काय करायचं तिथे?

खालचा_सा

सिद्धांत गुंडाळायचा आणि ऐकायचं 😀 नाही पण खरं सांगू का, ते भीतीदायक वाटतं कारण त्याच्या आधी ते कुजबुजत होते. कायम आरडाओरडा करणाऱ्याला कोण घाबरतं?

माहलरची पाचवी सिंफनी बघा, सोल्टी आणि शिकागो, १९७०. याही वेळी एकटा ट्रम्पेट, पुन्हा हरसेथ, शवयात्रेची तुतारी. सगळ्यांना लक्षात राहतो तो नंतरचा गडगडाट. पण लिहिलंय काय, तर सुरुवात हळू. आणि माहलरने खाली टीप दिलीय की ते तीन तीन स्वरांचे गट मिलिटरीच्या बिगुलासारखे किंचित घाईत घ्यायचे. म्हणजे मोजून मापून नाही, जरा पुढे ढकललेले. हरसेथचे ते तीन स्वर ऐका, दमलेल्या शिपायाने सवयीने फुंकावं तसे, आणि त्यावर तो लांब स्वर वाढत जातो. पहिल्या पंधरा सेकंदात कळतं की कोणीतरी गेलंय.

रेकॉर्डवाला_आण्णा

ते मेदिना टेंपलमधलं रेकॉर्डिंग. १९६६ मध्ये ऑर्केस्ट्रा हॉलची दुरुस्ती केली आणि आवाज पार कोरडा करून टाकला, म्हणून डेक्काला दुसरी जागा शोधावी लागली. त्या टेंपलमध्ये नंतर घरसामानाचं भलंमोठं दुकान निघालं, अलीकडे तर कॅसिनो. सोल्टीच्या शिकागोवर “फार चकचकीत, फार मोठ्ठं” अशी टीका होते आणि ती अगदीच खोटी नाही, काही रेकॉर्डिंग्जमध्ये व्हायोलिनवाल्यांची दया येते. पण या पाचवीत तिसऱ्या भागात डेल क्लेव्हेंजरचा हॉर्न आहे, एकट्याने हाका मारत उभा. तो चकचकीत वगैरे नाही, तो एकाकी आहे.

मधलीसुट्टी

मला यातलं काही कळत नाही पण धागा वाचतेय सकाळपासून, भाजी करपली. नवख्या माणसाने एकच काहीतरी ऐकायचं तर काय? चाळीस मिनिटांचं नको.

चष्मिश

डेनिस ब्रेन, इंग्लंडचा हॉर्नवाला. मोझार्टचे हॉर्न कॉन्सर्टो (एकटा हॉर्न आणि साथीला ऑर्केस्ट्रा), कंडक्टर करायान आणि फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, १९५३. एकेक वीस मिनिटांच्या आतला. चौथ्याचा शेवटचा भाग लावा, चार मिनिटांत हसू येईल. मोझार्टने हे लॉइटगेब नावाच्या दोस्तासाठी लिहिले, एकाच्या हस्तलिखितावर “या गाढवाची, बैलाची, मूर्खाची दया येऊन” असं चक्क लिहून ठेवलंय. आणि त्या काळी वॉल्व नव्हते बरं, हॉर्नच्या कर्ण्यात हात घालून स्वर काढायचे.

ब्रेनच्या आवाजात कष्टच नाहीत. गाड्यांचं भयंकर वेड होतं, रेकॉर्डिंगच्या वेळी स्टँडवर नोटेशनऐवजी मोटारींचं मासिक असायचं अशी गोष्ट सांगतात. १९५६ मध्ये लंडनच्या एका विनोदी मैफलीत त्याने बागेतला रबरी पाइप फुंकून लिओपोल्ड मोझार्टचा कॉन्सर्टो वाजवला, आणि वाजला! पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरला एडिंबरोहून रातोरात गाडी चालवत लंडनला परतताना झाडावर आदळला. छत्तीस वर्षांचा होता.

मधलीसुट्टी

ऐकलं. चार मिनिटांचं तीनदा ऐकलं. आणि मग तुम्ही शेवटचं वाक्य का लिहिलंत हो.

मडगांवचो

माझ्याकडून दोन. एक म्हणजे ‘अँटिफोनल म्युझिक ऑफ गॅब्रिएली’, १९६८. फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड आणि शिकागो, तीन ऑर्केस्ट्रांचे ब्रासवाले एका खोलीत. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये वेगवेगळ्या सज्जांत उभं राहून वाजवायला लिहिलेलं, चारशे वर्षांपूर्वीचं. या कानात एक गट विचारतो, त्या कानात दुसरा उत्तर देतो, अगदी सवाल-जवाब. त्यातला एक तुकडा १५९७ चा आहे, ‘सोनाटा पियान ए फोर्ते’, नावातच हळू आणि जोरात. खासाचा सिद्धांत गॅब्रिएलीने आधीच लिहून ठेवला होता.

दुसरं, यानाचेकची ‘सिंफोनिएट्टा’, कंडक्टर आन्चेर्ल आणि चेक फिलहार्मोनिक, १९६१. सुरुवातीच्या आणि शेवटी परत येणाऱ्या तुतारीसाठी नेहमीच्या ट्रम्पेटवाल्यांखेरीज नऊ जादा ट्रम्पेट. सत्तरीच्या यानाचेकने बागेत मिलिटरी बँड ऐकला होता, त्याची आठवण. यात गुळगुळीतपणा शोधू नका, चेक ट्रम्पेटला एक खरखरीत, उघड्यावरचा वास आहे. फेस्ताला पहाटे आमचा बँड गावातून फिरतो तेव्हा येतो तसा.

ढोलपथक_निवृत्त

आणि आपले मुंबईकर झुबिन मेहता? लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर होल्स्टचं ‘प्लॅनेट्स’, १९७१. ‘मार्स’ लावलंय आत्ता. पाच मात्रांत आहे आणि ट्रॉम्बोन छातीवर येतात. खालच्या मजल्यावरचे जोशी येऊन गेले. मी जोरात वाजवण्याच्या बाजूनेच आहे, नोंद घ्यावी.

खालचा_सा

नोंद घेतली. जाता जाता, काल एक उद्योग केला तो सांगतो.

आमच्या पेठेत एका बँड कंपनीचं दुकान आहे, लाल डगले टांगलेले असतात ते. तिथले मास्तर साठीचे, चाळीस वर्षं ट्रम्पेट. सध्या तिथी नाहीत म्हणून दुपारी निवांत बसलेले असतात. म्हटलं मास्तर, एक ऐकवू का, आणि हेडफोन दिला. रायनरचा प्रोमेनाड.

पहिल्यांदा ऐकलं, काही बोलले नाहीत. “परत लावा.” दुसऱ्यांदा ऐकताना मांडीवर बोटं. “हे पाचाचं आहे... नाही, पाच आणि मग सहा. अकरा होतात.” बरोबर होतं, मी पुस्तकात वाचून शिकलो होतो ते त्यांनी दीड मिनिटात मांडीवर मोजलं. मग विचारलं, “हा श्वास कुठं घेतो?” मी म्हटलं ऐकू येत नाही. “येत नाही ना, तेच म्हणतोय.”

मग श्मुयले. लगेच म्हणाले, “बूच लावलंय. आणि जीभ बघा जीभ.” स्वतःच तोंडाने तडतड करून बघितलं, हसले, भिंतीवरचा ट्रम्पेट काढला, पाणी काढलं, आणि प्रोमेनाडची पहिली ओळ वाजवली. कानाने. शेवटच्या स्वरावर जाताना त्यांनी वरातीतली ती खास लाडिक मींड घेतली, घेऊन झाल्यावर स्वतःच मान हलवली, म्हणाले, “हे नको होतं. सवय.” आणि परत वाजवली, मींड न घेता. रस्त्यावरची दोन पोरं थांबून बघत होती.

जाताना त्यांनी विचारलं, “हा माणूस पगारी होता?” म्हटलं हो, त्रेपन्न वर्षं एकाच ठिकाणी नोकरी.

“बसून वाजवायचा?”

“बसून.”

“मग बरोबर आहे. आम्हाला मे महिन्यात दिवसाला तीन सुपाऱ्या असतात, त्यातल्या दोन चालत.” आणि हेडफोन परत द्यायच्या आधी म्हणाले, “ते बुचाचं परत एकदा लावा.”